घाबरलेले मांजर : आधी बिघाड शोधावा

(मंडळाच्या गणेशोत्सवात ‘सभासदांचे विचार’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर बाप्पा विराजमान आहेत, त्यांचे वाहन पायाशी बसले आहे आणि मी मांजरावर बोलायला उभा आहे. कार्यवाहांना विषय कळवला तेव्हा त्यांनी विचारले, “अहो, मूषकराजांना काय वाटेल?” मी म्हटले, “घाबरण्याविषयीच बोलायचे आहे. मूषकराजांना विषय ओळखीचा आहे.”

प्रथमच सांगतो, मी पशुवैद्य नाही. पदविका घेऊन रेल्वेच्या सिग्नल विभागात लागलेला माणूस आहे. नोकरीची वीसेक वर्षे बिघाड शोधण्यात गेली. घरात मात्र लहानपणापासून मांजरे आहेत, आणि रेल्वेला मांजराचे वावडे नाही. जपानमध्ये वाकायामा प्रांतातल्या किशी नावाच्या छोट्या स्टेशनवर ‘तामा’ नावाच्या मांजरीला जानेवारी २००७ मध्ये चक्क स्टेशनमास्तर नेमले होते. टोपी होती, पगार खाण्याच्या रूपात होता. २०१५ मध्ये ती गेली, पण तिला बघायला येणाऱ्या लोकांमुळे तोट्यातल्या त्या लाइनला चांगले दिवस आले. तेव्हा हा विषय अगदीच खात्याबाहेरचा आहे असे कोणी समजू नये.

विषय निवडण्याचे कारण मात्र गमतीचे नाही. आपल्या रेल्वे कॉलनीत, नोएडा-गाझियाबादच्या उंच सोसायट्यांमध्ये, गुडगावच्या फ्लॅटमध्ये मांजर पाळणारी मराठी कुटुंबे वाढली आहेत. नवरात्र ते दिवाळी या दिवसांत दरवर्षी दोन-तीन जण तरी मला एकच गोष्ट विचारतात. “इतकी वर्षे शांत असलेले मांजर अचानक बिघडले. पलंगाखालून निघत नाही, गादीवर लघवी करते, मुलांवर फिस्कारते. काय करावे?” आणि त्यातल्या एखाद्याने तरी उत्तर आधीच ठरवलेले असते : पिशवीत घालून मंडईत नाहीतर देवळापाशी सोडून यायचे. ते उत्तर बदलावे एवढ्यासाठी आजचे हे चार शब्द.

लाल सिग्नल हा गुन्हा नव्हे

आमच्या खात्यातली सगळ्यात मोठी शिकवण अशी की बिघाड झाला तर यंत्रणा सुरक्षित बाजूला पडली पाहिजे. रुळाला तडा गेला, तार तुटली, रिले पडला, तर सिग्नल लाल होतो. गाडी खोळंबते, लोक ओरडतात, पण अपघात होत नाही. सिग्नल लाल झाला म्हणून आम्ही दिव्याला काठीने मारत नाही. लाल का झाला ते शोधतो.

मांजराची घडण तशीच आहे. आपले घरगुती मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराचे वंशज आहे. ते रानमांजर एकटे शिकार करते. उंदीर, पाखरे मारते खरे, पण त्याच्याहून मोठे प्राणी त्यालाही मारतात. कळपात राहणाऱ्या प्राण्याला मदतीला धावणारे सोबती असतात. एकट्याने राहणाऱ्याला कोणी नसते. म्हणून शंका आली की लपायचे, उंच जागी चढायचे, हालचाल थांबवायची हा त्याचा नियम. आपल्या दृष्टीने ते ‘बिघडले’, त्याच्या दृष्टीने त्याने सिग्नल लाल केला.

म्हणून लपलेल्या मांजराला पाय धरून बाहेर ओढणे, ओरडणे, गादी ओली केली म्हणून त्याचे नाक त्यात घासणे, हे सगळे दिव्याला काठी मारण्यासारखे आहे. मूळ दोष तसाच राहतो, आणि तुमचीच भीती वाटू लागते ती वेगळी.

पहिली पायरी : पशुवैद्य

अचानक झालेला बदल हा आधी शरीराचा बिघाड आहे असे धरून चालावे, मनाचा नंतर. मांजर दुखणे लपवते. दात किडलेला असेल, कानात किडे झाले असतील, सांधे धरले असतील, तर ते कण्हत नाही. फक्त चिडचिडे होते आणि कोपरा धरते. म्हातारे मांजर रात्री घर फिरून मोठ्याने ओरडू लागले, तर थायरॉइड वाढलेले असू शकते, रक्तदाब वाढलेला असू शकतो, मूत्रपिंडाचे दुखणे असू शकते. रक्तदाबाने मांजराची दृष्टी एकाएकी जाते, आणि दिसेनासे झालेले मांजर घाबरणारच.

चार गोष्टींत उद्यावर ढकलू नये. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतो, कुंथतो आणि थेंबही येत नाही, तर मूत्रमार्ग अडला आहे असे समजून त्याच रात्री दवाखाना गाठावा. एक-दोन दिवसांत जीव जातो. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर लगेच. बाहुल्या एकदम मोठ्या होऊन ते भिंतीला धडकू लागले तर लगेच. आणि चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर वाट पाहू नये. विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात उपासाने चरबी साठते. खासगी दवाखाने सगळीकडे आहेत, आणि दिल्लीत तीस हजारीला सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयही आहे.

गंमत अशी की भीती आणि लघवी यांचा संबंध दोन्ही बाजूंनी असतो. ताणामुळे मांजराच्या मूत्राशयाला सूज येते, कोणताही जंतू नसताना. म्हणजे गादीवर लघवी करणारे मांजर खोडी काढत नसते. त्याला आग होत असते, ट्रेमध्ये बसले की दुखते हे त्याच्या लक्षात राहते आणि ते मऊ जागा शोधते.

कानांचा हिशेब

माणसाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. मांजराची वरची मर्यादा सुमारे ८५,००० हर्ट्झ आहे. उंदरांचे बारीक चीत्कार ऐकता यावेत म्हणून निसर्गाने दिलेली ही सोय. त्यामुळे आपल्याला शांत वाटणारी खोली त्याला शांत असतेच असे नाही. उंदीर पळवण्यासाठी स्विचबोर्डला लावायचे छोटे यंत्र बाजारात मिळते. त्याचा आवाज आपल्या कानांच्या पलीकडचा असतो, पण मांजराच्या कानांच्या अलीकडचा. घरात असे यंत्र लावल्यानंतर मांजर त्या खोलीत जाईनासे झाले असेल, तर आधी ते काढून बघावे. नाहीतरी मांजर घरात असताना ते यंत्र कशाला हवे, हा प्रश्न आहेच.

फटाक्यांचे काय होते ते यावरून लक्षात येईल. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा. फटाक्याला मात्र फुटल्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत परवानगी. डेसिबल हा साधा गुणाकार नसतो. दर दहाला आवाजाची तीव्रता दहापट होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्ली-एनसीआरमध्ये हरित फटाक्यांना मर्यादित मुभा दिली, दिवाळीच्या आदल्या दिवशी आणि दिवाळीला सकाळी ६ ते ७ आणि रात्री ८ ते १० या वेळेत. वेळ किती पाळली गेली हे आपण सर्वांनी आपल्याच गच्चीवरून ऐकले. हरित फटाक्यांचे सूत्र आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तयार केले, याचा अभिमान आहे. पण ‘हरित’ म्हणजे धूर कमी. ‘हरित’ म्हणजे मुका नव्हे.

काकूंची चिंगी

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. आमच्या मागच्या लाइनीत एक काकू राहतात. यजमान रेल्वेतूनच निवृत्त झाले आणि पुढे काही वर्षांत गेले. मुलगा दक्षिणेत नोकरीला, मुलगी सासरी. घरात काकू आणि चिंगी नावाची सहा वर्षांची भाटी. काकू संध्याकाळी तिच्याशी गप्पा मारतात. आम्ही येता-जाता ऐकतो.

एका वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला चिंगी एकदम पालटली. मागच्या खोलीत गेली की शेपूट फुगवायची, गुरगुरायची, रात्री माळ्यावर चढून बसायची. दोनदा गादी खराब केली. एके रात्री काकू तिला उचलायला गेल्या तर मनगटाला चावली. मुलगा फोनवर म्हणाला, “आई, ते मांजर सोडून दे कुठेतरी, नाहीतर मी आल्यावर सोडतो.” त्याचेही चुकीचे नव्हते, त्याला आईची काळजी. काकू मला म्हणाल्या, “अरे, तू एवढे सिग्नल दुरुस्त करतोस, माझी ही बया का बिघडली ते बघ बरं. दिवाळीच्या आत बघ, नाहीतर हा येऊन तिला घेऊन जाईल.”

मी म्हटले, “काकू, आधी तुम्ही मनगटाचे बघा.” मांजर चावले किंवा ओरबाडले तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायचे आणि डॉक्टरांना दाखवून रेबीजच्या लसीचे विचारायचे, मांजर कितीही घरचे असले तरी. ते झाले. मग चिंगीला पशुवैद्यांकडे नेले. लघवी तपासली, दात, कान, पोट पाहिले. थोडी सूज होती, औषध दिले. बाकी काही नाही.

शेजारीपाजारी सांगत होते की फटाक्यांमुळे झाले. पण दिवाळीला तीन आठवडे होते आणि कॉलनीत फटाके सुरू झाले नव्हते. मग आम्ही खात्याची रीत लावली. शंभर पानी वही आणली आणि रकाने आखले : तारीख, वेळ, कोणती खोली, त्याआधी काय झाले, किती वेळाने शांत झाली. काकूंनी अकरा दिवस नेटाने नोंदी केल्या. त्यांचे अक्षर आमच्या फेल्युअर रजिस्टरपेक्षा चांगले.

नोंदी वाचल्यावर दोन गोष्टी दिसल्या. सगळे प्रकार मागच्या खोलीत. आणि वेळा रात्री साडेदहा ते बारा किंवा पहाटे पाचच्या सुमारास. दिवसा एकही नाही. मी विचारले, “काकू, त्या खोलीत नवीन काय आले?” त्या म्हणाल्या, “नवीन काही नाही रे.” मग विचारले, “काय गेले?” तेव्हा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “कूलर काढला.”

दिल्लीच्या घरांचे हे वैशिष्ट्य आपल्याला ठाऊक आहे. एप्रिल ते सप्टेंबर खिडकीला कूलर. नवरात्राच्या आसपास तो उतरवून झाकून ठेवायचा. लोखंडी स्टँड मात्र बाहेर तसाच राहतो. सहा महिने झाकलेली खिडकी मोकळी झाली होती, आणि बाहेर बसायला स्टँड. त्या रात्री दिवा मालवून आम्ही खोलीच्या दारात बसलो. अकराच्या सुमारास एक दांडगा पिवळा बोका स्टँडवर येऊन बसला आणि काचेतून आत बघू लागला. चिंगीचे केस पिसारले. काकू हळूच म्हणाल्या, “अगं बाई, हा होय!”

मांजराला हद्दीतला परका बोका म्हणजे मोठे संकट. काचेमुळे त्याच्यावर धावता येत नाही आणि पाठ फिरवून निघून जाण्याचाही धीर होत नाही. तो राग मग जवळ जो येईल त्याच्यावर निघतो. काकूंचे मनगट तिथे होते एवढेच. असे चवताळलेले मांजर शांत व्हायला कधी काही तास, कधी दिवसभर लागतो. त्या वेळात त्याला उचलू नये. खोलीत अंधार करून दार लोटून घ्यावे.

उपाय स्वस्त होता. स्टँड काढला. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला धूसर कागद चिकटवला, वरून उजेड येत राहिला. बोक्याने बाहेरच्या भिंतीवर फवारा मारला होता, ती जागा धुऊन काढली. माळ्यावर चिंगीसाठी जुनी चादर घालून खोके ठेवले आणि दुसरा ट्रे पुढच्या खोलीत मांडला. चिंगी एका दिवसात सुधारली नाही. पहिला आठवडा ती मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबायची. दीड महिन्याने पूर्वीच्या जागी झोपू लागली. दिवाळीला मुलगा आला तेव्हा काकूंनी त्याच्यापुढे वही ठेवली. त्याने ती पूर्ण वाचली आणि विषय पुन्हा काढला नाही.

घरात करण्यासारखे

प्रत्येक घरात कूलरचा स्टँड नसेल, पण वही सर्वांना चालेल. काय आले आणि काय गेले, दोन्ही लिहावे. नवीन बाळ, पाहुणे, रंगकाम, वरच्या मजल्यावरचे ड्रिलिंग, गॅलरीत येणारी माकडे, ट्रेची बदललेली जागा, घरातून परगावी शिकायला गेलेली मुलगी.

लपायला जागा द्यावी. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना खोके दिले, काहींना दिले नाही. खोके मिळालेली मांजरे पहिल्या काही दिवसांतच लक्षणीय निवळली. किराण्याचा पुठ्ठ्याचा खोका फुकट मिळतो. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असावा, शांत जागी असावा, वॉशिंग मशीनशेजारी नसावा. जेवणाच्या आणि खेळण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. वेळापत्रकाने माणूस वैतागतो, मांजर निर्धास्त होते.

त्याच्याकडे टक लावून बघू नये. आपण म्हणतो की मांजर डोळे मिटून दूध पिते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की माणसाने मांजराकडे बघून डोळे सावकाश बारीक करून उघडले, तर मांजरही तसेच करते आणि जवळ येण्याची शक्यता वाढते. घरी करून बघा, खर्च नाही.

मांजराच्या गालातल्या गंधाची नक्कल असलेली, प्लगला लावायची औषधेही मिळतात. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. पैसे असतील तर जोडीला वापरावीत, मूळ कारण शोधण्याऐवजी नव्हे.

आता काय करू नये. आपल्या गोळ्या देऊ नयेत. ताप-अंगदुखीची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते, कारण ती पचवण्याची व्यवस्था त्याच्या यकृतात नीट नसते. कुत्र्यांचे गोचीड मारणारे परमेथ्रिनचे औषध मांजराला विष आहे. डांबराच्या गोळ्या आणि फिनेलही तसेच. फिनेलच्या ओल्या फरशीवरून चाललेले मांजर पंजे चाटते. शांत वाटावे म्हणून सुगंधी तेलांचे दिवेही लावू नयेत.

दिवाळीचे वेळापत्रक

पंधरा दिवस आधी : मांजर फार घाबरत असेल तर पशुवैद्यांना भेटावे. भीती कमी करणारे औषध ते वजन पाहून देतात आणि एकदा आधी देऊन बघायला सांगतात. ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री धावाधाव करू नये. गळ्यात सहज सुटणारा पट्टा आणि त्यावर फोन नंबर असावा. उंच इमारतीत गॅलरीला जाळी हवीच, घाबरलेले मांजर मजला मोजत नाही.

त्या संध्याकाळी : अंधार पडण्याआधी खेळवून पोटभर खाऊ घालावे. घराच्या मधल्या खोलीत खोका, पाणी, ट्रे ठेवावा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, मंद आवाजात भजन किंवा पंखा चालू. ते लपले तर लपू द्यावे. आपण होऊन जवळ आले तर हात फिरवावा. जवळ घेतल्याने भीतीची सवय लागते असे म्हणतात, त्यात तथ्य नाही.

पळालेच तर : २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मांजरे हरवल्या जागेपासून पाचशे मीटरच्या आत मिळाली होती. तेव्हा आधी जिन्याखाली, गाड्यांच्या खाली, मीटरच्या खोलीत बघावे. रात्री वर्दळ थांबल्यावर टॉर्च घेऊन, हळू हाक मारत.

आणि बदली. आपल्या सर्वांच्या पाचवीला पुजलेली. सामान बांधताना मांजराला एका खोलीत ठेवावे, ती खोली शेवटी आवरावी. प्रवासाची टोपली महिनाभर आधी घरात उघडी ठेवावी, त्यातच खाऊ द्यावा. गाडीने न्यायचे तर पार्सल ऑफिसात आधी विचारून रीतसर बुकिंग करावे, रेल्वेच्या माणसाने तरी नियम मोडू नये. नव्या क्वार्टरमध्ये पहिले काही दिवस एकच खोली द्यावी, जुनी न धुतलेली चादर त्यात ठेवावी. त्या चादरीच्या वासात त्याचे जुने घर असते.

शेवटचे दोन शब्द

प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. पाळलेल्या प्राण्याला भुकेने किंवा तहानेने यातना होतील अशा स्थितीत सबळ कारणाशिवाय सोडून देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा मला दुसरे सांगावेसे वाटते. आपण घर सोडून दीड हजार किलोमीटरवर आलो. पहिल्या हिवाळ्यात धुके, बोली, माणसे, सगळेच परके होते. कोणीतरी पहाडगंजला, करोलबागेत नेऊन मराठी बोलणारी चार माणसे दाखवली आणि आपण स्थिरावलो. कोणी आपल्याला ‘बिघडला’ म्हणून परत पाठवले नाही. घरातल्या मुक्या जिवाला तेवढाच अवधी द्यावा.

कार्यकारिणीला एक नम्र विनंती आहे. यंदा विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा, झांजा सर्व असावे, पण कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर बॉम्ब आणि लडी लावू नयेत, आणि मिरवणुकीची वेळ आदल्या दिवशी सूचना फलकावर लिहावी. म्हणजे मांजर-कुत्रे असलेली घरे, तान्ही बाळे आणि आजारी माणसे असलेली घरे, दारे-खिडक्या लावून तयार राहतील. बाप्पांचे कान सुपाएवढे आहेत. आवाज कमी केला तरी त्यांना ऐकू जाईल.

 कोणाला वही आखायला मदत हवी असेल तर ड्यूटी संपल्यावर मी घरीच असतो.

गणपती बाप्पा मोरया!